उपाशी बादली

लेबलावर लिहिलेलं सोडून जगात दुसऱ्या कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांच्या घरात लेबल नसलेली वस्तू सापडणं मुश्कील. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ आणि साखरेच्या बरणीवर ‘साखर’, इथपर्यंत आपण समजू शकतो. पण लिंबाच्या लोणच्यावर ‘नमुना क्र. ३, खोली सहा इंच’ असं वाचल्यावर नवखा पाहुणा वाढून घ्यायला कचरतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि निघताना माझ्या चपला सापडेनात. मामांनी त्या उचलून कोपऱ्यात नीट ठेवल्या होत्या आणि वर दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती : ‘जावई. उजवी जास्त झिजलेली.’ मी शाळेत भाषा शिकवतो, चाळीस चाळीस पोरांचे निबंध तपासतो, पण चार शब्दांत माझं इतकं खरं वर्णन कुणी केलेलं नाही. ती चिठ्ठी मी अजून पाकिटात बाळगतो.

मामा मूळचे केम गावचे. सोलापुरात माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटले आणि मदतनीस म्हणूनच निवृत्त झाले. शेतकऱ्यांनी आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं फोडायची, चाळायची, बाटल्या धुवायच्या आणि प्रत्येक पिशवीवर लेबल लावायचं, हे त्यांचं काम. अहवालावर सही साहेबांची. भाषण कुठं असलं तर तेही साहेबांचं. मामांच्या वाट्याला फक्त लेबल, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! “सबंद नोकरीत एक लेबल हिकडचं तिकडं झालं न्हाय, जावईबापू,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांनी तोंड उघडलं की पुढचं मी मनात म्हणायला लागतो. साहेब बदलले, यंत्रं बदलली, पण एकाच्या रानाची माती दुसऱ्याच्या नावावर कधी गेली नाही. शेतकऱ्यांवर मात्र त्यांचा राग. लोक तपासायला आणत ती उकिरड्याच्या कडेची, नाहीतर गोठ्यामागची काळीभोर माती. घरातली सगळ्यात देखणी निवडून आणल्यासारखी. मग मामा पिशवी परत करत. “सोयरीक जमवायला आणलीय व्हय माती? जिथं पीक येत न्हाय तितली आना की!” आणि एवढं करून जो अहवाल जाई, तो घडी घालून देवाच्या फोटोमागं खोचला जाई. एकदा पावणेरावळ्यांत कुणीतरी चुन्याची डबी पुसायला खिशातून कागद काढला, तो प्रयोगशाळेचा अहवाल निघाला. मामा त्या दिवशी न जेवता उठले. लोकांना आकडे वाचता येत नाहीत, तर त्यांना डोळ्यांनी दाखवलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून बसलं असावं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीत सहा बादल्या मांडल्या आणि त्यात बरसीम पेरलं. बरसीम म्हणजे आपल्याकडच्या लसूणघासाचं भावंड. जनावरांचा हिवाळी चारा, एका देठाला तीन पानं. दरवर्षी दिवाळी झाली की पेरणी. बी आधी गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या जिवाणूंच्या पुडीत घोळून सावलीत वाळवायचं, मग धुतलेल्या वाळूत टाकायचं. एक नंबरच्या बादलीला सगळी खतं. दोन नंबरला नत्र सोडून सगळी, तीनला स्फुरद सोडून, चारला पालाश सोडून, पाचला गंधक सोडून. आणि सहा नंबरला काही नाही, नुसतं पाणी. प्रत्येकीची वेगळी बाटली, बाटलीवर लेबल. महिन्याभरात जे दिसायचं ते खरोखर बघण्यासारखं असे. स्फुरद नसलेलं रोप खुरटून बसायचं आणि देठाला जांभळी झाक यायची. पालाश नसलेल्याच्या पानांना कडेनं पांढरे ठिपके. गंधक नसलेलं वरूनच पिवळं. आणि नत्र नसलेलं? ते एक नंबरच्या तोडीस तोड हिरवंगार! हे दाखवताना मामांचा आवाज बदलायचा. ते एक रोप अलगद उपटायचे, मूळ धुवायचे, आणि मुळावरची त्या जिवाणूंची बारीक गाठ नखानं फोडून दाखवायचे. आत गुलाबी. “हवेतलं नत्र धरून खातंय बगा. ह्याला विकतचं नको. पण तुमी वरनं आयतं दिलं, की गाठी वाळून जात्यात. कष्ट करायचं सोडतंय.” हे सांगताना ते माझ्याकडे का बघत, हे मी कधी विचारलं नाही.

या बादल्यांसाठी त्यांनी जे केलं त्यावर सबंध गल्ली हसायची. पत्र्याचे डबे गंजतात आणि गंजातून लोह मिळतं म्हणून प्लॅस्टिकच्या बादल्या हव्यात; त्या एका रंगाऱ्याच्या मागं लागून मिळवल्या आणि आठ आठ वेळा धुतल्या. सोलापूरच्या नळाच्या पाण्यात चुना, म्हणून ते चालत नाही. मग मामांनी नवी पेठेतल्या एका कापडदुकानाचा शोध लावला, ज्याच्या एसीची नळी मागच्या बोळात गळते. उन्हाळाभर रोज दुपारी मामा तिथं पाच लिटरचा कॅन लावून शेजारी उकिडवे बसलेले. दुकानाचे मालक एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, त्यांनी आठ दिवस बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, “चाचा, ये पानी लेको क्या करते जी तुमे?” मामा गंभीरपणे म्हणाले, “पोरास्नी पाजतो.” त्या भल्या माणसानं दुसऱ्या दिवशी नोकराबरोबर पिण्याच्या पाण्याचा जार घरी पाठवला. मामांनी तो परत नेऊन दिला आणि सगळं समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या दुकानात एसी चालू केला की मामांना फोन येतो.

मामींचं आणि मामांचं भांडण असं मी कधी ऐकलं नाही, पण एका बाबतीत दोघांचं लग्न झाल्यापासून जुळलेलं नव्हतं, ते म्हणजे माप. मामा मिलिलिटरात बोलायचे आणि मामी चिमूट, मूठ, पसा आणि घोट यांत. मामींचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं घर. आमटीत मीठ किती घातलं असं मामांनी विचारलं तर त्या म्हणायच्या, “लागंल तेवढं.” मामा वहीत लिहायला पेन्सिल उचलायचे आणि पुन्हा खाली ठेवायचे. घोटभर म्हणजे किती, यावर मी स्वतः त्या घरात अर्ध्या तासाची चर्चा ऐकली आहे. मामींनी शेवटी एक घोट तोंडात घेऊन मोजपात्रात टाकून दाखवायची तयारी दर्शवली, तेव्हा मामा गच्चीवर निघून गेले.

तर अशा या माणसाला एका वर्षी बोलावणं आलं. नातेपुत्याजवळच्या एका दूध संकलन केंद्रावर गाई-म्हशीवाल्यांचा मेळावा होता, आणि तिथल्या कुणीतरी मामांच्या बादल्यांबद्दल ऐकलं होतं. चाऱ्याबद्दल चार शब्द सांगा, बादल्या घेऊन या, असा निरोप. आयुष्यात पहिल्यांदा मामा भाषण करणार होते. ज्यांनी अहवाल फोटोमागं खोचले त्याच लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं, की खायला मिळालं तर रोप असं होतं, आणि नाही मिळालं तर असं. सगळा भर सहा नंबरवर. “एक नंबर आनि सहा नंबर शेजारी ठेवले की माजं भाषन संपलं,” असं ते म्हणत. भाषणाचा कागदही केला होता. मी तो शुद्धलेखनासाठी पाहिला आणि ‘माती’ या शब्दाखेरीज सगळे शब्द दुरुस्त केले.

आणि ऐन हिवाळ्यात मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर धूळ नाही, जिना नाही, काळा चष्मा. मामांनी डॉक्टरांकडे पाणी घालण्यापुरती सवलत मागितली, ती मिळाली नाही. मग बादल्यांना पाणी घालायचं काम मामींकडे आणि उंची मोजून सांगायचं माझ्याकडे आलं. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. शाळा सुटली की जायचो. वही उशाशी घेऊन मामा माझी वाट बघत बसलेले असत.

पहिल्याच आठवड्यात एकदा मी जरा लवकर पोचलो आणि थेट गच्चीवर गेलो. मामी सहा नंबरच्या बादलीपाशी बसल्या होत्या. हातात एक नंबरची बाटली. ते ‘सगळं’ लिहिलेलं लेबल माझ्याकडे तोंड करून होतं. त्या झाकणात थोडं ओतत होत्या आणि सहा नंबरच्या मुळाशी घालत होत्या. लहान मुलाला औषध पाजावं तसं, जरा थांबून, पुन्हा जरासं. मला पाहून दचकल्या नाहीत. “घोटभरच दिलं,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “मामी, ही उपाशी ठेवायची बादली आहे.”

“ठावं हाय मला. रोज शेजारच्या पाचांस्नी खायला घालायचं आनि ह्येला नुसतं पानी दाखवायचं. आमच्याकडं दावनीचं जनावर उपाशी असलं की मानूस जेवत न्हाय.”

“पण हे जनावर नाही.”

“रानातलं रोप असतं तर मुळं हितंतितं फिरवून खाल्लं असतं की. ह्ये बादलीत बांधलंय. कुटं जाईल त्ये?” आणि मग खालच्या आवाजात, “ह्यास्नी सांगू नका जावईबापू. तुमाला माजी आन हाय.”

जे जागच्या जागी बोलून होत नाही ते मला नंतरही कधी बोलता येत नाही. खाली आलो. मामांनी विचारलं, “सहा नंबर किती?” मी म्हणालो, “चार बोटं.” त्यांनी बोटांचे सेंटिमीटर करून समाधानानं लिहिलं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते रोप वीतभर झालं, पानं रुंद झाली, आणि मी सांगत राहिलो, चार बोटं. मामा म्हणायचे, “पिवळं पडलं आसंल?” मी म्हणायचो, “हो, जरा.” काळ्या चष्म्याआडून ते माझ्याकडे बघायचे आणि माझं खरं मानायचे, कारण मी मोजून सांगत होतो. एकदा तर म्हणाले, “एक नंबरची बाटली लवकर सरतीय,” आणि स्वतःच वहीत लिहिलं : ‘बाष्पीभवन.’ रोज ठरवायचो की आज सांगून टाकू. रोज मामी दारातून बघायच्या. मामींना वाचवतोय असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

मेळाव्याच्या दिवशीही मामांचा महिना भरला नव्हता, जिना बंदच होता; पहाटेच मी ओल्या गोणपाटात गुंडाळून बादल्या टेम्पोत चढवल्या. बायकोनं मामांना इस्त्रीचा सदरा घातला. मामी ठेवणीतलं पातळ नेसून पुढं बसल्या; नवऱ्याचं भाषण त्यांना पहिल्या रांगेतून ऐकायचं होतं. वाटेत मामा कागद काढून पुटपुटत होते. मी मागं बादल्यांमध्ये बसलो होतो आणि टेम्पो बंद पडावा म्हणून मनोभावे प्रार्थना करत होतो.

केंद्राच्या शेडमध्ये साठ-सत्तर माणसं, टेबलावर सहा बादल्या. मामांनी कागद खिशातच ठेवला. एक नंबरचं गोणपाट काढलं, हिरवं, दाट. लोकांनी माना डोलावल्या. “आनि आता ह्यो सहा नंबर बगा. ह्याला दोन महिन्यांत एक दाना खत दिल्यालं न्हाय,” असं म्हणून त्यांनी गोणपाट ओढलं. सहा नंबर एक नंबरसारखाच हिरवागार उभा होता.

मागून कुणीतरी हसलं. “मग खत कशापायी घालायचं वो काका?” मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग सहा नंबरमधलं एक रोप उपटलं, शेजारच्या घमेल्यात मूळ धुतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. मी टेबलाशीच उभा होतो, मलाही दिसलं. मुळावरच्या गाठी वाळून मेल्या होत्या. कष्ट करायचं सोडलेल्या, वरून आयतं मिळालेल्या रोपाचं मूळ कसं दिसतं हे मला त्यांनीच दहा वेळा दाखवलेलं होतं. त्यांनी मान वर करून पहिल्या रांगेत पाहिलं. मामींनी पदर तोंडाशी घेतला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसं.

आणि मामा माइकमध्ये म्हणाले, “लेबल चुकलंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माजं. माज्या हातनं लेबलं हिकडची तिकडं झाली.”

शेडमध्ये हशा पिकला. एक जण उठून म्हणाला, “काका, मग आमच्या मातीची बी आशीच झाली असतील की!” पुन्हा हशा. ज्या माणसानं सबंध नोकरीत दुसरं काही कमावलं नाही, त्यानं जे कमावलं होतं ते त्या टेबलावर सगळ्यांदेखत ठेवून दिलं. मी तोंड उघडलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी उघडलं नाही. आजही ते आठवलं की मान खाली जाते. मामांनी मात्र हशा ओसरल्यावर दोन नंबरचं रोप उपटलं, मूळ धुतलं आणि गाठ फोडली. “ह्ये तरी बगा. ह्ये खरं हाय.” बरेच जण तोवर चहाकडे गेले होते. पाच-सहा जण जवळ आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं गुलाबी गाठ बोटानं दाबून बघितली, जिवाणूंची पुडी कुठं मिळते ते विचारलं आणि ते मूळ रुमालात गुंडाळून नेलं.

परतताना टेम्पोत मीही पुढंच दाटीनं बसलो होतो. मामी म्हणाल्या, “मीच घातलं.”

“व्हय. मुळानं सांगितलं,” मामा म्हणाले. अकलूज मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, “किती घालत हुतीस?”

“घोटभर.”

“घोटभर म्हंजे किती?”

“त्याला पुरंल एवढं.” आणि मग मामी रडायला लागल्या. मामांनी आपला रुमाल काढून दिला. त्यावर शाईनं ‘रुमाल’ लिहिलेलं होतं. मला त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागवून माझ्या सगळ्या चार चार बोटांवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : ‘नोंद रद्द.’ कारण लिहिलं नाही. मामांनी कारण न लिहिलेली तेवढी एकच नोंद त्या वहीत आहे.

आता मामींना जिना चढवत नाही. मागच्या वर्षी अर्धं अंग गेलं. खालच्या खोलीत दाराजवळ त्यांची खाट असते; बोलणं तुटक झालंय. बादल्या मात्र याही हिवाळ्यात मांडल्यात. त्यानंतर मामांना कुठून बोलावणं आलं नाही, येईल असंही नाही, तरी बी गुळाच्या पाण्यात घोळून झालं, एसीचं पाणी साठवून झालं, सहाच्या सहा लेबलं लागली. परवा संध्याकाळी गेलो तेव्हा मामी खाटेवरून मामांना विचारत होत्या, “सहाला... दिलं?”

“देतो,” मामा म्हणाले आणि मला हाक मारली. “जावईबापू, वर या जरा.”

गच्चीवर सहा नंबर चार बोटांचं, पिवळट, बरोबर जसं असायला हवं तसं होतं. मामांनी एक नंबरची बाटली घेतली, झाकणात ओतलं, वाकले, आणि तसेच थांबले. सबंध आयुष्य एका शिस्तीत काढलेल्या हाताला ते जमेना. त्यांनी झाकण माझ्याकडे दिलं. “तुमी घाला. माज्यानं व्हईना. मी तिकडं बगतो.” आणि खरोखरच ते पाठ करून कठड्याशी जाऊन उभे राहिले. मी हळूहळू मुळाशी ओतलं, जरा थांबून, पुन्हा जरासं, मामींना बघितलं होतं तसं.

“घातलं?”

“घातलं.”

“किती?”

मी झाकणाकडे पाहिलं. किती मिलिलिटर ते मला सांगता आलं असतं. “घोटभर,” मी म्हणालो.

मामा वळले. खिशातून पेन्सिल काढली, बादलीपाशी गुडघे टेकून बसले, आणि ‘क्र. ६, काही नाही, फक्त पाणी’ असं लिहिलेल्या लेबलावर आधीच्या ओळीला धक्का न लावता खाली जागा करून, नेहमीच्या बारीक, रेखीव अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘घोटभर.’ तारीख घातली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दिलं गं.”